आधी शिसं ठरवा, मग रॉड : गळवाल्यांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि त्यातली बहुतेक जिगचीच. पाऊस उघडला, गंगापूर-दारणा धरणं तुडुंब भरली की नाशिककराच्या हातात मासेमारीचा रॉड येतो आणि दिवाळीपर्यंत खांदे धरलेले असतात, दरवर्षीचं आहे हे. ज्यांना जिग माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : शिशाचं वजन, त्याला गळ आणि गळावर रबरी मासोळी, हे सगळं तळापर्यंत बुडू द्यायचं आणि मग तळावरून उड्या मारवत काठाकडे आणायचं. बास एवढंच. आता पत्रांकडे.

सातपूर एमआयडीसीत शिफ्टला असतो, रविवारी गंगापूरच्या बॅकवॉटरला जातो. दुकानदार म्हणाला लांब रॉड घ्या, लांब जाईल, म्हणून १० फुटी घेतला. त्यावर २०-६० ग्रॅम असं लिहिलंय. मी जिग लावतो ७ ग्रॅमचा. दुपारपर्यंत मनगट आणि खांदा कामातून जातो, सोमवारी मशीनवर हात चालत नाही. रॉड विकून टाकू का? — सातपूरचा एक वाचक

भाऊ, थांबा, विकू नका, आधी तुमच्याच पत्रातले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रॉड २० ते ६० चा आणि तुम्ही टाकताय ७. रबर तीन इंची असेल तर त्याचे अजून चारपाच ग्रॅम धरा, म्हणजे झाले ११-१२. एवढ्या वजनाला तो रॉड वाकतच नाही. रॉड वाकला तर तो फेकतो, नाही वाकला तर तुम्हाला फेकावं लागतं, खांद्यानं, आणि सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत तीनशे वेळा खांद्यानं फेकल्यावर खांदा बोलणारच ना. रॉडवर जी रेंज लिहिलेली असते, म्हणजे किती ग्रॅम फेकायला तो बनवलाय, तिच्या मधल्या भागात तो सगळ्यात सुखात असतो, टोकाला नाही. ७-२८ लिहिलेल्या रॉडला १२ ते २२ ग्रॅम, रबरासकट. हे रबरासकट बरेच जण विसरतात.

म्हणून मी सगळ्यांना उलटं सांगतो. आधी पाणी बघा, पाण्यावरून शिसं ठरवा, शिशावरून रॉड. दुकानात जाऊन आधी रॉड घेणं म्हणजे पाय न मोजता बूट घेण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट तोलाची, आणि मनगटाचं दुखणं बहुतेक इथूनच येतं. रीळ लावा, दोरा कड्यांमधून ओवा, जिग लावा आणि रॉड एका बोटावर तोलून बघा. बोट रिळाच्या दांडीच्या जरा पुढे, दोनतीन बोटांच्या अंतरात आलं तर झकास. वीतभर पुढे जावं लागलं तर रॉड तोंडाकडे जड आहे आणि ते तोंड दिवसभर तुमचं मनगट वर धरून ठेवतंय. लांब रॉडला हे हमखास होतं. हिशोब साधा आहे, हातापासून अडीच मीटर पुढे टोकाला नुसते ४ ग्रॅम जास्त असले तर ते तोलायला हाताच्या मागे ४० सेंटीमीटरवर २५ ग्रॅम लागतात. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून जड रीळ लावतात. त्यानं काही होत नाही कारण रीळ हाताला चिकटूनच असतं, मागे ओढायला त्याच्याकडे लांबीच नाही. तेवढं ओझं मात्र वाढतं.

करायचं काय तर दहा रुपयाची नाणी घ्या, एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. रॉडच्या बुडाला तीन नाणी इलेक्ट्रिकच्या काळ्या टेपनं गुंडाळा आणि परत बोटावर तोला. कमी वाटलं तर अजून एक, अजून एक. माझ्या ९ फुटीला चार लागली. सहाच्या वर जाऊ नका, मग मनगट सुटतं पण सगळा भार खांद्यावर येतो. आठवडाभर तसंच वापरून बघा आणि पटलं की नाणी काढून तेवढ्याच वजनाचं शिसं रबरी टोपीत बसवा, सध्या माझे चाळीस रुपये तसेच टेपमधे आहेत तो भाग वेगळा.

तिसरं म्हणजे हात. रिळाची दांडी बोटांच्या मधे घ्या, दोन बोटं पुढे दोन मागे. रॉडचा मागचा दांडा कोपराखालून हाताला टेकलेला ठेवा, कोपर बरगडीजवळ. आणि जिगला उडी मारवायची ती रिळानं, रॉड हिसकून नाही. हँडलचे दोन फेरे आणि थांबा. ३००० साइजच्या रिळात एका फेऱ्याला साधारण पाऊण मीटर किंवा थोडा जास्त दोरा येतो, म्हणजे दोन फेऱ्यांत दीड मीटर, भरपूर झाली उडी. टोक घड्याळाच्या साडेदहाच्या काट्यावर ठेवायचं आणि बघत राहायचं. सिनेमात दाखवतात तसा रॉड वरखाली करणारा माणूस मला काठावर अकरानंतर कधी दिसलेला नाही, तो झाडाखाली बसलेला असतो.

आता लांबीचा खरा मुद्दा. लांब रॉड हा फक्त लांब फेकायला नसतोच. काठाजवळ पाच-सहा मीटरवर दगडांची रांग असेल, गवताचा पट्टा असेल, उताराचा कडा असेल तर शेवटी जिग त्यावरून उचलून घ्यावा लागतो, तिथं ९-१० फुटी कामाला येतो. काठ मोकळा असेल, मागे बाभळी असतील, होडीत असाल तर ७-८ फूट पुष्कळ. गंगापूरच्या मोकळ्या काठाला माझी निवड विचाराल तर ८ किंवा साडेआठ फूट, ७-२८ ग्रॅम, नुसता रॉड दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. तुमचा १० फुटी ठेवा, त्याला ३०-४० ग्रॅमचं शिसं लावून पावसानंतर वाहत्या पाण्यात शिंगाडा माशाला वापरा, तेव्हा त्याची किंमत कळेल.

दादा, मी आणि माझा भाऊ दारणेला जातो. एका सकाळी आठ जिगहेड दगडात गेले, मासा एकही नाही. बाजारात दोन कानवाली शिशाची गोळी पण मिळते, ती चांगली की जिगहेड? — देवळाली कॅम्प

ताई, आठ म्हणजे काहीच नाही, पण चला.

आपल्याकडचे तळ काळ्या बसाल्टचे, फटीच फटी. जिगहेडमधे गळ शिशातच ओतलेला असतो, टोक उघडं आणि वर, फटीत शिरला की अडकला. दोन कानवाल्या गोळीत गळ वेगळा असतो, गोळीला नुसता लोंबतो, बिजागरीसारखा. रशियन लोक याला चेबुराश्का म्हणतात आणि तिथले जिगवाले यावरच जगतात. याचे तीन फायदे. रबर तळावर मोकळं हलतं. मासा डोकं झटकतो तेव्हा शिशाचा झोका थेट गळाला बसत नाही म्हणून सुटायचं प्रमाण कमी. आणि १० ग्रॅमचं काढून १४ चं लावायला अर्धा मिनिट लागतो, रबर काढावं लागत नाही.

लावायचं असं. गोळीच्या आत एक दुमडलेली तार असते ती ओढून काढा. तिच्या कानात गळाचं भोक ओवा, तार परत गोळीतून घाला, दुसऱ्या बाजूनं जो कान बाहेर येईल त्याला दोऱ्याचा स्नॅप, म्हणजे छोटी क्लिप. काही गोळ्यांना दोन्ही कान पक्के ओतलेले असतात, त्यांना गळ जोडायला छोटी स्प्लिट रिंग लागेल. गळ मात्र ऑफसेट घ्या, मानेजवळ पायरी असलेला. टोक रबराच्या नाकात सेंटीमीटरभर घाला, पोटातून बाहेर काढा, रबर पायरीपर्यंत सरकवा, गळ फिरवा, आणि आता गळ बाहेरूनच रबराला लावून बघा की वाक कुठं येतो, तिथंच पोटातून टोचून पाठीवर काढा आणि टोक पाठीला चिकटून झोपवा. हे बाहेरून मोजणं टाळू नका. रबर अर्धा सेंटीमीटर जरी गोळा झालं तरी ते पाण्यात गिरकी घेतं आणि दोऱ्याला पीळ पडतो. नीट बसलेलं रबर सरळ हाताच्या बोटासारखं दिसतं.

एवढं करूनही अडकणार. अडकला की पहिली प्रतिक्रिया रॉडनं हिसका द्यायची असते, तीच चूक, अजून आत रुततो. दोरा ताणा, रिळाच्या पुढचा दोरा दोन बोटांनी धनुष्यासारखा खेचा आणि सोडा, दहाबारा वेळा. नाहीच सुटला तर काठानं चालत वीसेक पावलं बाजूला जा आणि उलट्या कोनातून हेच. तोडायचाच असेल तर रॉड सरळ अडकलेल्या जागेकडे रोखा, दोरा एका काटकीला गुंडाळा आणि काटकी ओढा. ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, हाताला कधीही गुंडाळू नका, सुरीसारखा जातो. आणि ओढताना तोंड फिरवा कारण सुटलेलं शिसं थेट तुमच्याकडेच येतं. लीडर, म्हणजे ब्रेडच्या पुढे जोडलेला दोऱ्याचा तुकडा, ब्रेडपेक्षा कमी ताकदीचा ठेवा, २० पौंडाच्या ब्रेडला १२-१५ चा, म्हणजे तुटलं तर फक्त पुढचा तुकडा जातो, पन्नास मीटर दोरा पाण्यात राहत नाही. तो राहिलेला दोरा पुढे बगळ्यांच्या पायात निघतो, बघितलंय मी.

अजून एक, फुकटची टिप. एप्रिल-मेमधे पाणी उतरतं तेव्हा एकदा तुमच्या जागेवर नुसतं फिरायला जा. जुने बांध, खोडं, नाल्याचा काठ सगळं उघडं पडलेलं असतं. फोटो काढून ठेवा, मागे एखादं झाड किंवा टेकडीची खूण घेऊन. सप्टेंबरात तेच पाच मीटर पाण्याखाली असतं आणि तुम्हाला दिसत असतं, शेजारच्याला नाही.

किती ग्रॅम लावायचं ते एकदाच सांगून टाका. प्रत्येक जण वेगळं सांगतो. — पिंपळगाव बसवंत, द्राक्षवाला

साहेब, तुम्ही औषधाचं प्रमाण पंपाला विचारून ठरवता का, पानं बघून ठरवता ना. तसंच आहे. ग्रॅम नाही, सेकंद मोजा. जिग तळाला गेल्यावर दोन फेरे मारले, थांबला, आता परत तळाला टेकायला किती वेळ लागला? दोन ते चार सेकंद असेल तर वजन बरोबर. एकातच धप्प झालं तर जड आहे, हलकं करा. पाच-सहा मोजले तरी टेकल्याचं कळत नाही तर हलकं आहे. टेकला हे कसं कळतं तर ताणलेला दोरा एकदम सैल पडतो आणि रॉडचं टोक सरळ होतं. त्याच्याआधीच मधेच सैल पडला तर विचार न करता ओढा, तो मासा आहे.

सुरुवात १० पासून करा, आणि डब्यात ७, १०, १४, १८ एवढीच ठेवा. दुपारी वारा सुटला की दोऱ्याला पोट येतं आणि टेकलेलं कळत नाही, तेव्हा आधी रॉडचं टोक पाण्याजवळ उतरवून बघा, मग एक नंबर वर चढा. थंडीत मासा सुस्त असतो तेव्हा हलकं, म्हणजे बुडायला वेळ लागतो आणि त्याला बघायला. दोरा जाड असेल तर तोही पाण्यात आणि वाऱ्यात अडतो, १ नंबरचा ब्रेड, जाडी ०.१६-०.१७ मिलीमीटरची, आपल्या कामाला भरपूर आहे. जाड तंगूस लावून ७ ग्रॅम टाकायचा आणि मग जात नाही म्हणून रॉडला शिव्या घालायच्या, हे बंद करा.

टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगची शिशाची वजनं मिळाली, दोन किलो. घरीच गोळ्या ओतू का? — सिन्नर

ओता, पण स्वयंपाकघरात नाही. गॅसवर नाही, आईच्या कढईत तर नाहीच, जे भांडं एकदा शिशाला वापरलं ते कायमचं शिशाचं. बाहेर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. शिसं ३२७ अंशाला वितळतं. टायरच्या वजनांत हल्ली जस्ताचीही बरीच असतात, जस्ताला ४१९ अंश लागतात, म्हणून शिसं पातळ झाल्यावरही जी वजनं तशीच वर तरंगतात ती चिमट्यानं काढून बाजूला करा, जास्त तापवून विरघळवत बसू नका. लोखंडी क्लिपाही वरच येतात.

आणि पाणी. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात गेला की त्याची वाफ होऊन सगळं उडतं. मी एकदा पावसाळ्यात साचा नुसता फडक्यानं पुसून ओतायला बसलो. साच्याच्या सांध्यात ओल होती. फट् असा आवाज झाला आणि मनगटाच्या वर तीन ठिकाणी चिकटलं, चष्मा होता म्हणून डोळा वाचला, चष्म्याच्या काचेवर बाजरीएवढा दाणा बसला होता, तो अजून तसाच आहे. तेव्हापासून साचा आधी तापवतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, चष्मा.

ओतून झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखूच्या पुडीलाही हात नको. शिसं विष आहे, लहान पोरांना तर जास्तच. आणि ती चिरलेली बारीक छर्र्याची गोळी दातांनी दाबून दोऱ्यावर बसवायची सवय आपल्याकडे म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना आहे, ती सोडा. पक्कड शंभर-दीडशेला मिळते.

टंगस्टन घ्यावं का? महाग आहे. — कॉलेज रोड

शिशाची घनता ११.३ आणि टंगस्टनची १९.३, म्हणजे त्याच वजनाची गोळी बरीच लहान आणि कडक, तळाचा दगड आहे की चिखल हे हातात स्पष्ट येतं. पण दारणेच्या दगडात टंगस्टन टाकणं म्हणजे पाण्यात पैसे टाकणं. चिखलाच्या मोकळ्या तळाला दोनचार ठेवा, बाकी शिसं.

मरळीला जिग चालतो का? आणि नांदूर मध्यमेश्वरला मोठ्या मरळी आहेत असं ऐकलं. — निफाड तालुका

दुसरं आधी. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, आणि २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथं दुर्बीण घेऊन जा, रॉड घेऊन नाही. बाकी धरणांवरही पाणी सहसा मच्छीमार सोसायटीकडे ठेक्यानं असतं, त्यांना विचारल्याशिवाय दोरा टाकू नका, विचारलं तर बऱ्याचदा जागाही तेच दाखवतात. आणि भिंतीच्या जवळपास फिरकू नका.

मरळ गवतात आणि पानवेलीत राहते, वर हवा घ्यायला येते. तिथं तळावरचा जिग म्हणजे गवताची पेंढी बांधायचं यंत्र. वर रबरी बेडूक ओढा, रॉड जाड आणि ७ फुटी. जिग शिंगाडा आणि शिवडा या माशांसाठी ठेवा, शिवड्याचे दात बघून लीडर जाड करा मात्र.

९ फुटी रॉड बाईकवर कसा न्यायचा? — ओझर

दोन तुकड्यांचा घ्या, साडेचार फूट होतो. प्लंबरकडून पीव्हीसी पाइप, दोन्हीकडे टोपी, आत जुन्या टॉवेलचा तुकडा, पाठीवर पट्टा. जोडताना पिळत बसवा आणि तासा-दोन तासांनी जोड एकदा दाबून बघा, ढिला जोड ठेवून फेकला की तिथंच चिरतो, माझा एक तसाच गेला. आणि रॉड जोडायचा तो पाण्याजवळ पोचल्यावर, रस्त्यालगत नाही. रॉड कार्बनचा असेल तर त्यातून वीज जाते. शेतातल्या खाली लोंबणाऱ्या तारा आणि हातात तीन मीटरचा कार्बन, याच्यापुढे मी लिहीत नाही. वळवाच्या पावसात पहिला गडगडाट ऐकला की रॉड खाली आडवा ठेवायचा आणि त्याच्यापासून लांब जायचं, मासा लागलेला असला तरी.

वय ६४, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आयुष्यभर बांबूच्या काठीनं गांडूळ लावून चिलापी पकडली. मुलानं जिगचा सेट आणून दिलाय, ८ फुटी. खुर्चीवर बसून जमेल का? — पंचवटी

काका, जमेल, आणि बांबूवाल्या माणसाला लवकर जमतं कारण तुमचा डोळा आधीच टोकावर असतो. आम्हाला ते शिकवावं लागतं.

८ फूट बसून बरोबर आहे, त्याच्या वर नको, बसल्यावर टोक खाली राहतं आणि लांब रॉड फेकताना मागे जमिनीला लागतो. रॉडचा मागचा दांडा मोजून बघा, रिळापासून बुडापर्यंत कोपराच्या थोडंच मागे गेला पाहिजे. जास्त लांब असेल तर तो खुर्चीला आणि पोटाला अडतो, म्हणून खुर्ची हात नसलेली घ्या. पाण्याकडे तोंड करून बसू नका, जरा तिरकं बसा, डावा खांदा पाण्याकडे, म्हणजे फेकायला उजवीकडे जागा राहते आणि ओढताना कंबर वळत नाही. शिसं १० ग्रॅमच्या वर नको. दोन फेरे, थांबा, मनात एक दोन तीन म्हणा. पंधरा-वीस वेळा फेकलं की रॉड मांडीवर आडवा ठेवून पाच मिनिटं नुसतं बसा, तरुणांनीही खरं तर हे करायला पाहिजे.

बांबूची काठी घरी ठेवू नका, शेजारी लावून ठेवा, चिलापी तिलाच येणार. आणि चहाचा थर्मास डाव्या बाजूला ठेवा. उजवीकडे ठेवला तर पहिल्याच माशाला लवंडतो, माझा दोनदा लवंडलाय.